नरहररावांचे पाच मासे आणि एक हंगामी नेमणूक

मासे पाच होते, हे आधीच सांगून टाकलेले बरे. पुढे पुढे हा आकडा भरवशाचा राहणार नाही.

तारनाक्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, टीव्हीच्या शेजारी, दोन फूट लांब काचेच्या टाकीत ते राहत. दिसत असत असे मात्र म्हणता येणार नाही. काच आतून हिरवी झाली होती. पाण्याचा फिल्टर दिवाळीपासून बंद होता, कारण त्याचा प्लग आकाशकंदिलासाठी काढला होता आणि कंदील उतरल्यावर परत लावायचे कुणाच्या लक्षात राहिले नव्हते. टाकी आणली वरुणने, लॉकडाऊनमध्ये. लॉकडाऊन उठल्यावर तो लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला, मियापूरला राहायला गेला आणि मासे आईवडिलांकडे राहिले, जशी मुलांची जुनी सायकल राहते.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी वरुणची बायको दीपाली त्या टाकीपुढे उभी राहिली. अडीच वर्षांची प्रियदर्शिनी, म्हणजे प्रियू, तिच्या कडेवर होती.

"यात मासे आहेत हे मला आठवतंय, म्हणून दिसतायत," दीपाली म्हणाली.

तिचे सासरे, नरहरराव, पेपरामागे गेले.

"बाबा, पंधरा जूनला मी ऑफिसला परत जातेय. मियापूरला एक पाळणाघर बघून ठेवलंय. आई म्हणतात, प्रियूला इथं ठेव. मी नाही म्हणत नाहीये. पण…" तिने बोटाने काच खरवडली. काच आतून हिरवी असल्यामुळे काही निघाले नाही. "पण बाबा, पाच मासे आहेत हो."

एवढेच. नांदेडकडची माणसे फार बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी ती, वरुण आणि प्रियू दोन आठवड्यांसाठी नांदेडला, तिच्या माहेरी गेले. जाताना दारात ती म्हणाली, "आल्यावर बघू."

काय बघायचे, हे नरहररावांना कळले. पाच मासे जगले तर नात इथे. नाही तर पाळणाघर.

नरहरराव सरकारी नोकरीतून सुपरिंटेंडंट म्हणून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही कागद हरवला नव्हता. एकही कागद पुढेही गेला नव्हता असे काही लोक म्हणत, पण ते बढती न मिळालेले लोक होते. ऑफिसात त्यांना आयुष्यभर इंग्रजीत आणि तेलुगूत लिहावे लागले. आज्याच्या काळात उर्दूत होते. आपल्या भाषेत एक तरी फाइल उघडावी ही त्यांची जुनी इच्छा होती. ती त्या संध्याकाळी पुरी झाली.

*फाइल क्र. मत्स्य/१. विषय: हॉलमधील मासे, संख्या पाच, यांची देखभाल. सध्याची स्थिती: पाण्याचा रंग मुगाच्या वरणासारखा. पाहणी केली. चार मोजले. पाचवा दगडामागे असावा असे गृहीत धरले. पुढील कार्यवाहीसाठी विचाराधीन.*

टाकीची काच मात्र तशीच राहिली. काच पुसणे हा कार्यवाहीचा भाग होता आणि कार्यवाही अजून विचाराधीन होती.

माशांना नावे प्रियूने दिली होती. भू, भूभू, टिकली, जिलबी आणि आजोबा. पहिले दोन काळे आणि जरा दांडगे. बाकीचे तीन अर्ध्या बोटाएवढे, रंगीत शेपटीचे. त्यांतला आजोबा एका जागी तरंगत तोंड उघडून बघत राहायचा. हे नाव त्यालाच का मिळाले, हे नरहररावांनी कधी विचारले नाही.

जेवणाचे खाते नरहररावांच्या पत्नी निर्मलाबाईंकडे होते. माशांचे खाद्य डबीत मिळते यावर त्यांचा विश्वास नव्हता. "रोज तेच तेच काळं चूर्ण. आपल्याला दिलं तर चालेल का?" त्यामुळे माशांना पोळीचा कुस्करा मिळे, दहीभात मिळे, आणि चतुर्थीला साबुदाणा. उरलेले तळाशी बसे. तळाशी बरेच काही बसले होते.

तिसऱ्या दिवशी टिकलीच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले.

"रवा असेल," निर्मलाबाई म्हणाल्या. "सकाळी उपमा केला होता."

"तू माशांना उपमा घातलास?"

"थोडासा. कढीपत्ता काढून."

नरहररावांनी भिंग आणले. रवा नव्हता. रवा झटकला की जातो. हा माशाबरोबरच पोहत होता.

बातमी वरच्या मजल्यावर गेली. बातमी गेली म्हणजे एकनाथराव खाली आले. रेल्वेत गार्ड होते, मूळचे उदगीरकडचे शेतकरी. घरी एके काळी अकरा म्हशी होत्या, त्यामुळे जगातल्या सर्व प्राण्यांविषयी त्यांना म्हशीच्या मार्गाने ज्ञान होते.

"हे तर साधं आहे, नरहरराव. आमच्याकडं म्हशीला असं आलं की हळद आणि करडईचं तेल. दोन दिवसांत कातडी चमकती."

"मासा आहे हा, एकनाथराव."

"कातडी ती कातडी. परेशान नका होऊ."

तेलाला नरहररावांनी नकार दिला. हळदीला देता आला नाही, कारण तोवर निर्मलाबाई डबा घेऊन आल्या होत्या आणि हळदीने वाईट झाल्याचे त्यांच्या सात पिढ्यांत कुणी ऐकले नव्हते. दोन चमचे पडले. टाकीची कढी झाली. तीत पाच मासे गोळ्यांसारखे वरखाली होत राहिले.

सकाळी टिकली वर तरंगत होती, पोट आकाशाकडे करून.

*टिकली (गप्पी) सकाळी सहापूर्वी सेवामुक्त. एक पद रिक्त. हळद टाकण्यापूर्वी लेखी अभिप्राय घ्यायला हवा होता. घेतला नाही.*

आता एक अडचण निघाली, तिचा विचार त्या घरात पूर्वी कधी करावा लागला नव्हता. घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. घरात मेलेल्या माशाचे काय करतात?

"तुळशीत नको," निर्मलाबाई म्हणाल्या. "आणि आपल्याला अंघोळ लागते का हो?"

नरहररावांनी एकनाथरावांना विचारले. "तुमच्याकडे मासा मेला की काय करतात?"

"तळतात," एकनाथराव म्हणाले.

टिकली जास्वंदीच्या कुंडीत गेली. अंघोळ सगळ्यांनीच केली, एकनाथराव सोडून.

मग नरहररावांनी जे आधी करायला हवे होते ते केले. ते सरकारकडे गेले.

जनावरांच्या दवाखान्यात चिठ्ठी फाडणाऱ्या कारकुनाने रुग्ण कुठे आहे असे तेलुगूत विचारले. नरहररावांनी स्टीलच्या डब्याचे झाकण उघडले. आत भूभू होता, आता त्याच्याही अंगावर ठिपके. चिठ्ठीवर रकाने छापलेले होते: गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी, कुत्रा, इतर.

"इतर," नरहरराव म्हणाले.

"इतरमध्ये घोडा येतो," कारकून म्हणाला.

"घोडाच येतो असं लिहिलेलं नाही."

"पण आजवर घोडाच आलाय."

यावर वाद घालता येईना. हे उत्तर स्वतः नरहररावांनी चौतीस वर्षे वेगवेगळ्या शब्दांत लोकांना दिले होते. ते मनातल्या मनात त्या मुलाच्या अंगी असलेल्या गुणांची कदर करत बाहेर पडले आणि मासळीच्या कार्यालयात गेले. तिथे फॉर्म होता. फॉर्म दिसल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. भूभूचा आधीपासूनच होता.

*तलावाचे क्षेत्रफळ (एकरांत):* त्यांनी खिशातला कॅल्क्युलेटर काढला. दोन फूट गुणिले एक फूट. शून्य दशांश, मग चार शून्ये, मग पाच.

*वार्षिक उत्पादन:* उणे एक.

टेबलामागच्या बाईंनी फॉर्म दोनदा वाचला. चष्मा काढून तिसऱ्यांदा वाचला. "सार, हे शोकेसचे मासे आहेत का?"

"घरचे आहेत."

"आमच्याकडे फक्त खायचे मासे बघतात."

"हे खायचे नाहीत."

"मग बघणार कसे?" त्या अगदी हळुवारपणे म्हणाल्या. "आणि साहेब आता मृग होईपर्यंत भेटणार नाहीत. सगळा स्टाफ नामपल्लीच्या मैदानावर."

मृगाचे नरहररावांना कुणी सांगायला नको होते. लहानपणापासून त्यांना दमा होता आणि मृगाच्या दिवशी नामपल्लीला दम्याचे औषध घ्यायची घराण्याची रीत होती. जिवंत माशाच्या तोंडात औषध घालून तो मासा गिळायचा. शाकाहारी लोकांना तेच औषध गुळातून. नरहरराव चाळीस वर्षे गूळ खात होते. दमा होता तसाच होता, पण गुळाविषयी तक्रार नव्हती.

*दोन्ही कार्यालयांनी प्रकरण आपल्या कक्षेत नसल्याचे कळवले. भूभू डब्यातच मरण पावला, बस क्रमांक आठवत नाही. रिक्त पदे दोन.*

दिलसुखनगरच्या गल्लीत ख्वाजाभाईंचे माशांचे दुकान होते. तिथल्या टाक्या इतक्या स्वच्छ होत्या की नरहररावांना प्रथम वाटले मासे हवेत आहेत. ख्वाजाभाईंनी सगळी हकिकत ऐकून घेतली. हळद, म्हैस, घोडा, सगळे. मग एकच प्रश्न विचारला.

"पानी कब बदले, साब?"

नरहररावांनी विचार केला. "मेरे रिटायरमेंट के बाद या पहले?"

ख्वाजाभाईंनी कपाळाला हात लावला नाही. फक्त एक निळी बाटली काउंटरवर ठेवली. "दो बूँद. रोज चौथाई पानी बदलो. फिल्टर चालू रखो. खाना आधा. और कुछ नक्को करो साब. हाथ जोड़के बोलतूँ, और कुछ नक्को करो."

हे सगळे नरहररावांनी लिहून आणले आणि टेबलावर ठेवले. ऑफिसात एवढे केले की काम झाले असे धरत. पण इथे टेबलाच्या पलीकडे कुणी नव्हते. निर्मलाबाई देवळात गेल्या होत्या. फिल्टर सुरू करायचा तर प्लग सापडेना. अखेर त्यांनी स्वतः बाह्या सरसावल्या, बाटली उघडली आणि दोन थेंब मोजून टाकले.

"एवढंच?" मागून एकनाथराव म्हणाले. "म्हशीला बाटली लागती."

"मासा आहे हो."

"तुमच्याच सांगण्याप्रमाणे आजारी तीन आहेत. एका म्हशीचा हिशेब तीन माशांत बसत नाही का?" असे म्हणून त्यांनी मदतीच्या भावनेने नरहररावांचा कोपर जरा वर उचलला. बस्स, जरासाच.

टाकी निळी झाली. टाकीखालचा टेबलक्लॉथ निळा झाला. नरहररावांचे दोन्ही तळवे, डाव्या कानाची पाळी आणि एकनाथरावांची बनियन निळी झाली. शनिवारी देवळात पुजारीबुवांनी तीर्थ देताना नरहररावांच्या हाताकडे पाहिले आणि पळी उंचावरून धरली.

पाणी शाईसारखे. आत काहीही दिसेना. त्यानंतरचे तीन दिवस टाकीत काय चालले आहे हे कुणालाच कळत नव्हते, आणि ते तीन दिवस नरहरराव अत्यंत सुखी होते. सकाळी चौथाई पाणी काढायचे, चौथाई घालायचे, सही करायची.

चौथ्या दिवशी नांदेडहून व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, मासे दाखवा ना. प्रियूला बघायचेत."

नरहररावांनी फोन टाकीकडे वळवला.

"हे काय, निळं कसं?"

"उपचार सुरू आहेत," नरहरराव म्हणाले. "प्रगती समाधानकारक आहे."

"बरं. आजोबांना सांग प्रियू, काय शिकलीस?"

प्रियूने पडद्यावर भलामोठा हात आणला. एकेक बोट उघडत म्हणाली, "एक. दोन. तीन. चाल. पाच."

नरहररावांनी फोन ठेवला आणि दम्याचा पंप ओढला. आता नात पाचपर्यंत मोजणार होती. बरोबर पाचपर्यंत.

दुपारी पाणी निवळले. भू तळाशी आडवा होता. जिलबी आणि आजोबा तेवढे फिरत होते, अंगावरचा रवा मात्र गेलेला. म्हणजे औषध लागू पडले होते. रुग्ण कमी पडले होते.

*रिक्त पदे तीन. कुटुंब परवा परतणार. उद्या मृग.*

फाइलीतल्या या नोंदीकडे ते बराच वेळ पाहत राहिले. "उद्या मृग" या दोन शब्दांचा वरच्या वाक्यांशी काही संबंध असू शकतो, हे त्यांच्या हळूहळू लक्षात आले.

नामपल्लीच्या मैदानात सकाळपासून हजारो माणसे. ओळखीच्या स्वयंसेवकाने लांबूनच विचारले, "गुड़, ना साब? बाजू में आओ."

"नाही," नरहरराव म्हणाले. "यंदा मछली."

त्यांच्या हातात पाण्याची छोटी पिशवी आली. तीत बोटभर लांबीचा काळपट मासा. एका रुग्णाला एक. तीन मागितले असते तर दमा किती आहे असे विचारले असते. नरहररावांनी इकडेतिकडे पाहिले, पिशवी शर्टाच्या खिशात उभी ठेवली आणि शांतपणे गुळाच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

रांगेतली एक बुरख्यातली म्हातारी त्यांच्या खिशाकडे पाहत होती. खिशातून मासा तिच्याकडे पाहत होता.

"भाईसाब," ती म्हणाली, "मछली पेट में जाना. जेब में रखे तो आराम नइं पड़ता."

"घर जाके," नरहरराव म्हणाले.

*तीन रिक्त पदांपैकी एका पदावर हंगामी नेमणूक. उमेदवार काळा, प्रकृतीने दणकट, घाण पाण्याचा अनुभव असलेला. कायम कर्मचाऱ्यांशी जुळवून घेईल असे वाटते.*

नवा मासा तळाशी जाऊन बसला. दर थोड्या वेळाने सरळ वर यायचा, पाण्याबाहेर तोंड काढून हवेचा मोठा घोट घ्यायचा आणि पुन्हा खाली.

"याला दमा आहे," निर्मलाबाई म्हणाल्या.

"तिथं सगळे दम्याचेच होते," नरहरराव म्हणाले.

सकाळी टाकीत एकच मासा होता. पोट भरलेला.

नरहररावांनी दगड उचलले. फिल्टरच्या मागे पाहिले. टाकीच्या खाली पाहिले. जिलबी नव्हती. आजोबा नव्हता. तळाशी एक रंगीत शेपटी तेवढी होती, आणि हंगामी मासा वर येऊन, घोट घेऊन, नव्या जोमाने खाली गेला.

"कोरमीन आहे ती, आपल्याकडची मरळ," एकनाथराव खाली वाकून म्हणाले. "दुसऱ्या माशांवरच जगती."

"मग काल का नाही बोललात?"

"काल तुम्ही म्हशीचं काही विचारलं नाही."

दीपाली संध्याकाळी येणार होती. निर्मलाबाई म्हणाल्या, टाकीवर चादर टाकू, झोपलेत म्हणू. एकनाथराव म्हणाले, ख्वाजाभाईकडून तसेच पाच आणू, लेकराला काय कळतंय. नरहररावांनी ख्वाजाभाईंना फोन लावला. टाकीत कोरमीन आहे हे त्यांनी दोनदा विचारून पक्के केले. "पाँच देतूँ साब," ते शेवटी म्हणाले. "दो रोज में फिर आप आना. फिर पाँच देतूँ. मेरा क्या."

मग नरहरराव फाइल घेऊन बसले. शेवटचे पान लिहायला त्यांना दोन तास लागले, कारण असे पान त्यांनी नोकरीत एकदाही लिहिले नव्हते. नोकरीत शेवटी "वरिष्ठांच्या आदेशानुसार" असे लिहायचे असते. इथे वरिष्ठ कुणी नव्हते. म्हैस हे कारण देता येत होते. हळदीचा डबा कुणी आणला हेही लिहिता येत होते. त्यांनी एकच ओळ लिहिली, सही केली, तारीख घातली.

दीपाली आली, तिने टाकीत वाकून पाहिले. नरहररावांनी फाइल तिच्या हातात दिली आणि साहेबापुढे उभे राहतात तसे उभे राहिले. साहेब लोक अशा वेळी पेन्सिलीने केलेली खूण शोधत, तिथे सही करत आणि चहा मागवत. चौतीस वर्षांत त्यांची फाइल कुणी पहिल्या पानापासून वाचलेली त्यांनी पाहिली नव्हती.

दीपाली सोफ्यावर बसून पहिल्या पानापासून वाचू लागली.

"काय लिहिलंय?" वरुणने डोकावून विचारले. त्याला मराठी वाचायला वेळ लागायचा. तो अजून 'विषय' या शब्दावर होता.

"तू गप रे."

ती उपम्यापाशी थांबली. घोड्यापाशी तिने ओठ दाबून धरले. फॉर्मच्या नकलेवरचे 'उणे एक' वाचल्यावर तिला फाइल तोंडावर धरावी लागली. हंगामी उमेदवारापाशी खांदे हलत होते. शेवटच्या पानावर ती शांत झाली. तिथे लिहिले होते: *पाचही मासे माझ्या देखरेखीत गेले. जबाबदारी माझी. नरहर.*

तिने फाइल मिटली. "प्लग कुठाय, आई?"

प्लग आकाशकंदिलाच्या खोक्यात, माळ्यावर सापडला. दीपालीने फिल्टर लावला. टाकीत बुडबुडे सुटले. मग तिने आपल्या बॅगेतून पाणी प्यायची बाटली, प्रियूचा बिब, ओले रुमाल असे काढत काढत शेवटी पेन काढले.

एवढ्यात प्रियू टाकीजवळ गेली. बोट काचेला लावून म्हणाली, "एक." दोन शोधायला तिने बराच वेळ घेतला. तेवढ्यात कोरमीन वर आली, तोंड बाहेर काढून हवेचा घोट घेतला. मागे नरहररावांना सकाळपासूनच्या धावपळीने धाप लागली होती. त्यांनीही पंप तोंडात धरून तसाच घोट घेतला. प्रियूने मागे पाहिले. पुढे पाहिले. पुन्हा मागे पाहिले.

"आजोबा," ती माशाला म्हणाली, आणि प्रश्न मिटला. बाकीचे चार कुठे गेले हे तिने विचारलेच नाही.

दीपालीने फाइलीत लिहिले: *वाचले. प्रियूला येथे ठेवण्यास हरकत नाही. अटी: उपमा प्रियूलाच द्यावा. म्हशीवरचे उपाय प्रियूला लागू नाहीत. नेमणूक हंगामी, एक महिना. नंतर आढावा.*

नरहररावांनी 'हंगामी' हा शब्द दोनदा वाचला. चौतीस वर्षे कायम नोकरी केलेला माणूस.

पंधरा तारखेला सकाळी नऊ वाजता प्रियू आली. साडेनऊला नरहरराव रामनगरच्या मासळी बाजारात होते, नाकाला रुमाल लावून, कारण कोरमीन दहीभाताला तोंड लावत नव्हती. ओळखीचे एक जोशी रस्त्यावरून जाताना थबकले. नरहररावांनी त्यांच्याकडे पाहिले आणि कोळीण बाईंना मोठ्याने म्हणाले, "बारीक कोळंबी द्या. जिवंत."

घरी आले तेव्हा फाइल टेबलावर नव्हती. फाइल टाकीत होती. प्रियू स्टुलावर उभी राहून आजोबाला वाचून दाखवत होती.

त्यांनी ती बाहेर काढली, पाने सुटी करून गॅलरीतल्या दोरीवर चिमट्यांनी लावली. हळदीचे पान गेले होते. म्हशीचे गेले होते. जबाबदारीचे गेले होते. दीपालीच्या पानावरची शाई पसरली होती, अटी निळ्या ओघळांनी खाली उतरल्या होत्या आणि 'हंगामी' तर कुठे होते तेही दिसत नव्हते. वाळल्यावर मधोमध दोनच शब्द वाचता आले.

हरकत नाही.

चौतीस वर्षांत त्यांच्या हातून गेलेले हे पहिले कागद. नरहररावांनी त्याची कुठेही नोंद केली नाही. ते पान तेवढे घडी घालून खिशात ठेवले, उभे, माशाची पिशवी ठेवली होती तिथेच.